जुन्या चुऱ्यावर नवी वाळू? खाऱ्या पाण्याच्या टाकीत डीप सँड बेड करण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच, वय तीन वर्षं. तळाला दीड इंच कोरलचा जाड चुरा आहे आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या टाकीत, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र). वर दोन क्लाउनफिश, एक टँग, काही डॅमसेल हे मासे, शिवाय झोआंथिड आणि लेदर ही मऊ कोरल. नायट्रेट (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून शेवटी साठणारा क्षार) 50 ते 60 पीपीएमला, म्हणजे लिटरमागे तेवढ्या मिलिग्रॅमला, अडून बसलंय. पाणी बदललं की चार दिवस उतरतं आणि पुन्हा तिथेच येतं. म्हणून तुम्हाला त्या चुऱ्यावरच बारीक वाळू ओतून पाच इंचांचा थर, म्हणजे नायट्रेट कमी करणारा डीप सँड बेड, करायचा आहे, आणि तोही मासे टाकीत ठेवून. शिवाय ‘पाच वर्षांनी असा थर टाकीच मारतो’ हे खरं का, हेही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो: चुऱ्यावर वाळू ओतू नका. एवढं एक ऐकलंत तरी पुढचा बराच त्रास वाचेल. बाकीचं थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण ‘डीप सँड बेड करू का’ या प्रश्नाचं उत्तर तुमचा पसारा, तुमचे मासे आणि खरं सांगायचं तर तुमचं घर भाड्याचं आहे की स्वतःचं, यावरही अवलंबून आहे. त्याकडे नंतर येतो.

तुम्ही वाळूबद्दल विचारलंय, पण अडचण नायट्रेटची आहे, आणि ते येतं कुठून हे अजून ठरलेलं नाही. पाणी बदलण्याचा साधा हिशोब करून बघा. 60 पीपीएम असताना 20 टक्के पाणी बदललं की उरतात 48. टाकीत नवीन नायट्रेट अजिबात तयार झालं नाही असं धरलं, तरी 60 वरून 10 वर यायला 20 टक्क्यांचे आठ बदल लागोपाठ करावे लागतील. तुमच्याकडे चार दिवसांत आकडा परत चढतो. म्हणजे टाकीत कुठेतरी नायट्रेटचा कारखाना चालू आहे, आणि माझी पैज त्या दीड इंच चुऱ्यावर आहे.

पैज लावण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे टेस्ट किट. रंगाच्या कार्डावर 40 आणि 80 च्या लाल छटा जवळजवळ सारख्याच दिसतात, ट्यूबलाइटखाली तर काहीच कळत नाही. एक भाग टाकीचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी असं मिश्रण करून टेस्ट घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा. दोन द्रवांचं किट असेल तर दुसरी बाटली चांगली अर्धा मिनिट हलवा. तिच्यातली पूड तळाशी बसते आणि मग आकडा खोटाच कमी येतो. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ पाणी. मीठ मिसळण्याआधीच्या पाण्याची नायट्रेट टेस्ट घ्या. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि आरओचा मेम्ब्रेन थकला असेल, तर तुम्ही दर आठवड्याला बादलीने नायट्रेटच ओतत असाल. मी ज्या टाक्या सांभाळतो त्यांतल्या काहींचं दुखणं वाळूपर्यंत न जाता आरओच्या कार्ट्रिजपाशीच संपलं होतं.

या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या, तर मग चुरा. आपल्याकडे दुकानदार सवयीने जो चुरा देतात त्याचे खडे तुरीच्या डाळीएवढे किंवा त्याहून मोठे असतात, आणि डीप सँड बेडला लागते ती वाळू बारीक रव्याच्या दाण्याची. या फरकातच सगळं आलं. मोठ्या खड्यांच्या फटींत उरलेलं खाणं, विष्ठा आणि कुजलेलं शेवाळ सहज खाली उतरतं. तिथून पाणीही खेळतं, त्यामुळे प्राणवायू तळापर्यंत पोचतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट हे काम तिथे जोरात चालतं, पण नायट्रेटचा पुढे निकाल लावणारे जिवाणू तिथे टिकत नाहीत, कारण त्यांना प्राणवायू कमी लागतो. त्यामुळे अर्धीच साखळी चालते आणि तुमच्या किटवर लाल रंग येतो.

बारीक वाळूत उलट होतं. घाण वरच राहते आणि पाणी आत वाहत नाही, फक्त हळूहळू झिरपतं. वरच्या काही मिलिमीटरमध्ये, फार तर एक-दोन सेंटीमीटरमध्ये, प्राणवायू वापरला जाऊन संपतो. त्याखाली राहणारे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात, तो बुडबुडा होऊन निघून जातो. नायट्रेट खऱ्या अर्थाने टाकीबाहेर गेलं ते इथे. त्याहून खाली जिथे नायट्रेटही पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असतं, म्हणजे त्यांना खुराकाची वाण नाही. ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, ज्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. काचेतून काळे डाग दिसतात ते त्याच सल्फाइडचे, लोहाशी संयोग झालेले.

या काळ्या डागांना लोक फार घाबरतात. शांत पडलेल्या थरातून थोडं सल्फाइड वर येतं तेव्हा वरच्या प्राणवायूच्या पट्ट्यातच त्याचा निकाल लागतो, माशांपर्यंत ते पोचत नाही. धोका आहे तो थर एकदम उकरण्यात. जुना, घाणीने भरलेला थर कुणी हाताने ढवळला तर सल्फाइड आणि कुजलेला माल एकाच वेळी पाण्यात येतो, त्यातला प्राणवायू खेचला जातो आणि रात्रीत मासे जातात. म्हणून मी म्हणतो की चुऱ्यावर वाळू टाकू नका. तीन वर्षांचा गाळ तुम्ही तळाशी बंद करून वरून झाकण लावाल. शिवाय दोन आकाराचे दाणे एकत्र आले की बारीक दाणे फटींतून खाली जातात आणि जाड वर येतात. सहा महिन्यांत वर पुन्हा चुरा दिसेल, खाली घट्ट चिखल असेल, आणि मग तो काढायचाही अवघड.

मग पाच इंचच का? प्राणवायू एक-दोन सेंटीमीटरमध्ये संपत असेल तर दोन इंच पुरायला हवेत, नाही का? कागदावर पुरतात. पण जिवंत थरात किडे असतात. ब्रिसलवर्म, धाग्यासारखे तंतू पसरणारे स्पॅगेटी वर्म, अँफिपॉड, बोटाच्या पेराएवढे ब्रिटल स्टार, अशी सगळी मंडळी बिळं करून प्राणवायू खोलवर नेतात, त्यामुळे थराची रेषा सरळ न राहता वरखाली होत राहते. त्या हालचालीला खाली जागा लागते. माझ्या अनुभवात चार इंच पुरे होतात, सहा इंच करून वेगळं काही मिळालेलं पाहिलं नाही. इंटरनेटवर एक नियम फिरतो की एक इंचापर्यंत ठेवा नाहीतर चारच्या वर जा, मधलं काही नको. मधल्या जाडीत काही विष तयार होतं असं नाही. त्या जाडीला नीट साफही करता येत नाही आणि ती नीट कामही करत नाही, एवढाच त्या नियमातला व्यवहार आहे.

ही कल्पना आजची नाही. 1980च्या दशकात फ्रेंच सागरी जीवशास्त्रज्ञ जाँ जोबेर यांनी थराखाली पाण्याची मोकळी पोकळी ठेवून हेच साधलं होतं, आणि त्यांचं नाव मोनॅकोशी जोडलं गेलं. त्या पोकळीला प्लेनम म्हणतात. नंतर अमेरिकेत सागरी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी पोकळी बाजूला ठेवून बारीक वाळू आणि तिच्यातली जीवसृष्टी यांवर भर दिला. आज तुम्ही ज्याला डीप सँड बेड म्हणता तो मुख्यतः हा दुसरा प्रकार. प्लेनमसाठी जाळ्या आणि पाइप कापत बसायची गरज मला कधी वाटली नाही.

आता ज्यावर उत्तर बदलतं त्या गोष्टी.

पहिली, वजन आणि जागा. तुमच्या टाकीच्या तळाचं माप 120 गुणिले 45 सेंटीमीटर. त्यावर 12 सेंटीमीटर वाळू म्हणजे साधारण 65 लिटरचा ढीग, कोरडं वजन शंभर किलोच्या आसपास. वाळूने हटवलेलं पाणी वजा केलं तरी साठ-पासष्ट किलो वाढतात. टाकीचा स्टँड याच हिशोबाने बनवला होता का? स्टँड लोखंडी असेल आणि टाकी भिंतीलगत, बीमजवळ असेल तर मला फारशी चिंता नाही. प्लायवूडच्या कपाटावर असेल तर वाळू विकत घेण्याआधी सुताराला बोलवा. उंचीचंही बघा. 24 इंचांतून पाच इंच वाळूचे आणि वरचे दोन इंच मोकळे गेले की पोहायला 17 उरतात, त्यातही दगड. टँगला हे आवडणार नाही.

दुसरी, प्रवाह. बारीक वाळू वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा करणाऱ्या पंपाच्या) समोर टिकत नाही, टेकड्या तयार होतात आणि एका कोपऱ्यात काच उघडी पडते. तुमचे लेदर आणि झोआंथिड मध्यम प्रवाहात खूश असतात, त्यामुळे वेव्हमेकर वरच्या दिशेला वळवून भागेल. उद्या जोरदार प्रवाह मागणारे कोरल घ्यायचे मनात असेल तर मुख्य टाकीत बारीक वाळूचा विचार सोडा.

तिसरी, पुढे कुठले प्राणी घेणार. डायमंड गोबीसारखे वाळू चाळणारे मासे दिवसभर तोंडाने वाळू उपसून गाळतात आणि थरातली जीवसृष्टी काही महिन्यांत फस्त करतात. ‘सँड सिफ्टिंग स्टारफिश’ही तेच करतो आणि मग स्वतः उपाशी मरतो. दुकानात तो ‘वाळू साफ करणारा’ म्हणून विकतात. साफ करतो खरा, पण जे ठेवायचं तेच. नासारिअस गोगलगायी मात्र जरूर ठेवा. त्या वाळूत पुरून बसतात, फक्त सोंडेसारखी नळी बाहेर, आणि खाणं पडलं की सगळ्या एकदम उगवतात.

परदेशी व्हिडिओ पाहून सी कुकुंबर (वाळू खाऊन साफ करणारा काकडीसारखा समुद्री प्राणी) मागवायचा विचार असेल तर इथे थांबा. आपल्याकडे 2001 पासून सगळ्या जातींचे सी कुकुंबर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच वेळी दगडी कोरल, काळे कोरल, सी फॅनही त्या यादीत आले. कुणी ‘रामेश्वरमचा माल आहे, गुपचूप देतो’ म्हणाला तर घेऊ नका. हे दगडांनाही लागू आहे. कोरलचाच तुकडा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून आपल्या किनाऱ्यावरून उचलून आणणं हाही गुन्हाच आहे.

चौथी गोष्ट कुणी विचारत नाही, पण मी आधी विचारतो: घर तुमचं आहे का? अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहत असाल आणि मालक करार वाढवेल याची खात्री नसेल, तर मुख्य टाकीत डीप सँड बेड करूच नका. घर बदलताना हा थर तसाच नेता येत नाही. उचलला की ढवळला जातो, आणि ढवळला की काय होतं ते वर सांगितलं. शंभर किलो ओली वाळू फेकून नव्याने सुरुवात करावी लागते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: नायट्रेटचा उगम बहुधा चुऱ्यात आहे, चुऱ्यावर वाळू टाकून तो बंद होणार नाही, आणि मुख्य टाकीत पाच इंच वाळू घ्यायला तुमची टाकी उंचीने जरा अपुरीच आहे.

म्हणून तुमच्या जागी मी दोन टप्प्यांत जाईन. पहिला टप्पा, चुरा काढणे. एकदम नाही. टाकीचे मनाने तीन भाग करा आणि दर दोन आठवड्यांनी पाणी बदलताना एक भाग काढा. पंप आणि वेव्हमेकर बंद करा. पाऊण इंची पारदर्शक नळी घ्या, तिचं तोंड थेट चुऱ्यात खुपसा आणि सायफनने खड्यांसकट सगळं बादलीत ओढा. हाताने किंवा पातेल्याने उपसलं तर गाळ टाकीभर पसरतो, नळीने तो सरळ बाहेर जातो. बादलीतलं पाणी कोको घातल्यासारखं तपकिरी आलं की समजा पैज बरोबर होती. दगडाखाली काळा, वास मारणारा पट्टा लागला तर तिथे नळी न हलवता एका दमात ओढून घ्या आणि टाकीत एअरस्टोन जोरात चालू ठेवा. बादली भरली की त्या दिवसाचं काम संपलं, थोडंसंच उरलंय म्हणून पुढे जाऊ नका. त्यानंतर दोन-तीन दिवस रोज अमोनिया बघा आणि खाणं निम्मं करा. दगडांवरचे जिवाणू बहुतेक भार उचलतात, पण त्यांना थोडा वेळ द्यायला हवा.

काढलेला सगळा चुरा टाकू नका. वरच्या थरातला दोन-तीन मुठी चुरा, ज्यात किडे वळवळताना दिसतात, जाळीच्या पिशवीत भरून सम्पमध्ये लटकवा. नव्या वाळूसाठी ते बियाणं आहे.

शेवटच्या भागानंतर चार-सहा आठवडे थांबा आणि नायट्रेट मोजत राहा. माझ्या अंदाजाने ते निम्म्यावर यायला हरकत नाही, आणि कदाचित तिथेच तुमचं समाधान होईल. लेदर आणि झोआंथिडना 10 ते 20 पीपीएम मुळीच जड जात नाही. शून्य नायट्रेटच्या मागे लागून टाकी उपाशी ठेवणारे लोकही मी पाहिलेत, त्यांचे कोरल फिकट पडतात. तळ उघडा दिसतो म्हणून बायको-मुलं कुरकुर करत असतील तर अर्धा-पाऊण इंच बारीक वाळू पसरा आणि ती दर वेळी वरवर सायफन करत राहा.

त्यानंतरही आकडा खाली आला नाही तर दुसरा टप्पा: डीप सँड बेड, पण वेगळ्या टबमध्ये. सम्पला जोडलेला फूड-ग्रेड प्लास्टिकचा टब, त्यात पाच इंच वाळू, वरून पाणी वेगाने वाहतं ठेवायचं म्हणजे गाळ बसत नाही. पाणी आधी फिल्टर सॉकमधून, म्हणजे कापडी गाळणीतून, येऊ द्या. टबवर झाकण, अंधार, त्यामुळे शेवाळाची कटकट नाही. टँगची उंची वाचते, वेव्हमेकरला अडचण नाही, आणि काही बिघडलं तर व्हॉल्व्ह बंद करून टब बाजूला काढता येतो. मुख्य टाकीतल्या थराला ही सोय नाही, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा.

मात्र टबच्या आकाराबद्दल स्वतःची फसवणूक करू नका. बरेच जण एक बादली वाळू लावतात आणि नायट्रेट पडत नाही म्हणून तक्रार करतात. काम होतं ते थराच्या पृष्ठभागातून. फूटभर व्यासाच्या बादलीचा पृष्ठभाग साधारण 700 चौरस सेंटीमीटर, तुमच्या टाकीच्या तळाचा 5,400. म्हणजे बादली साडेसात पट लहान. 60 बाय 45 सेंटीमीटरचा टब घेतलात तर निम्मं तरी साधतं.

वाळू कुठली? कोरडी, बारीक अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, दाणा साधारण एक मिलिमीटरच्या आत. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा ऑनलाइन मिळते, स्वस्त नाही. म्हणून हमखास पुढचा प्रश्न येतो, ‘अलिबागहून आणली तर?’ आणू नका. किनाऱ्यावरच्या वाळूच्या उपशाला सीआरझीमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, बंदी आहे हे एक. दुसरं, आपल्या किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, पण मोठा वाटा सिलिका आणि काळ्या जड खनिजांचा, त्यात रत्नागिरीकडची वाळू तर इल्मेनाइट या काळ्या खनिजासाठी प्रसिद्धच. कुठल्याही वाळूवर शंका असेल तर घरच्या दोन परीक्षा आहेत. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. भरभरून फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट. आणि तिच्यातून एक चांगला ताकदवान चुंबक फिरवा. काळे कण चिकटले तर ती वाळू टाकीत नको, कारण हेच कण काच पुसायच्या मॅग्नेटला चिकटतात आणि काचेवर कायमचे ओरखडे काढतात. बांधकामाची क्रश सँडही नको, बेसॉल्टच्या धारदार कडा किड्यांना सोसत नाहीत.

वाळू बादलीत धुऊन घ्या, पण पाणी अगदी स्फटिकासारखं होईपर्यंत नाही. ती सगळ्यात बारीक पूडच किड्यांना हवी असते. टबमध्ये आधी दोन इंच भरा, त्यावर किड्यांची पिशवी उघडून पसरा, मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेक इंच वाढवा. पाकिटातली ओली ‘लाइव्ह सँड’ घेतली तर जिवाणू मिळतात, किडे मिळत नाहीत. त्यासाठी ओळखीतल्या एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतली कपभर वाळू मागा. पण तिथे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होऊन गेला असेल तर त्याच्या गाठी वाळूवर चिकटून येतात. अशी वाळू मासे नसलेल्या भांड्यात निदान अडीच महिने ठेवून मगच टबमध्ये घाला.

नवी अरॅगोनाइट वाळू घातल्यावर पहिले काही आठवडे अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटची पातळी) नेहमीपेक्षा लवकर उतरू शकते, कारण ताज्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट जमा होतं. मॅग्नेशियम 1,250 ते 1,350 पीपीएमच्या आसपास ठेवा आणि घाबरून अल्कलिनिटी वाढवणारी बफरची पूड वाळूजवळ ओतू नका, दाणे एकमेकांना चिकटून दगड होतात. मग डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा, तपकिरी लेप येईल, येऊ द्या, तो आपोआप जातो. नायट्रेट उतरायला दोन ते चार महिने धरा. त्याआधी किट काढून निराश होण्यात अर्थ नाही.

टब पारदर्शक असेल तर बाजूला काळा कागद लावा आणि महिन्यातून एकदा तो उचलून बघा. थर चांगला चालू असेल तर प्लास्टिकलगत केसासारखी बारीक बिळं, मधूनच एखादा आक्रसणारा किडा आणि अडकलेले छोटे बुडबुडे दिसतात. खाली राखाडी किंवा काळे पट्टे असले तरी हरकत नाही. बिळं नाहीशी झाली, वाळूची ढेकळं बनली, पृष्ठभागावर जांभळट-लाल चिकट थर वारंवार येऊ लागला आणि नायट्रेट पुन्हा हळूहळू चढू लागलं, तर थर थकतोय असं समजा.

आता पाच वर्षांच्या भीतीबद्दल. थराला शेवटची तारीख नसते, पण तो न बघता चालतो हेही खरं नाही. अरॅगोनाइट फॉस्फेट धरून ठेवतं आणि एका मर्यादेनंतर सोडूही लागतं. किड्यांच्या जाती हळूहळू कमी होत जातात, उरतात त्या दोन-तीन चिवट. आणि बहुतेक जण दरवर्षी मासे वाढवतात, थर मात्र तेवढाच राहतो. या तीनही गोष्टी एकत्र आल्या की टाकी ‘अचानक’ कोसळते, लोक वर्ष मोजतात आणि दोष वाळूला देतात. उपाय ढवळणं नाही. वर्षाकाठी थराचा चौथा भाग सायफनने काढून नवी वाळू आणि नवे किडे घालायचे. टब वेगळा असला की हे काम अर्ध्या तासाचं.

राहता राहिली वीज. पावसाळ्यात ठाण्यात दोन-तीन तास वीज जाणं नवीन नाही, आणि जाडा थर अंधारात बसूनही प्राणवायू खातच असतो. पाण्यात तो मुळात थोडाच असतो: समुद्राच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम, 30 अंशांना सव्वासहा. मे महिन्यात चिलर बंद पडला की दोन्ही बाजूंनी ओढ लागते. बॅटरीवर चालणारा एअरपंप मुख्य टाकीत तयार ठेवा, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर परत आल्यावर टबचा व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडू नका. टबमधलं साचलेलं पाणी आधी वास घेऊन बघा, कुजका वास असेल तर ते बादलीत काढून फेका, मग पंप जोडा.

तर आज रात्री वाळूची ऑर्डर देऊ नका. आधी आरओच्या पाण्याची आणि पातळ केलेल्या टाकीच्या पाण्याची अशा दोन नायट्रेट टेस्ट घ्या, आणि एका कोपऱ्यातला वीतभर चुरा नळीने ओढून बादलीचा रंग बघा. हे तीन निकाल आणि स्टँड कशाचा आहे ते कळवा, मग टबचं माप आणि प्लंबिंग कुठून घ्यायचं ते सांगतो.